एकदाच लावलेलं कुलूप

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी प्रभाकररावांनी दुकानाचं शटर खाली ओढलं, कडीत कुलूप अडकवलं, किल्ली फिरवून काढली आणि मुलाच्या, योगेंद्रच्या, हातात दिली. मग ते वळले आणि जीपकडे चालू लागले.

झालं ते एवढंच. पण एवढं बघायला आर्वीच्या त्या गल्लीत लोक थांबले होते. समोरच्या सायकलवाल्या तानबाने पाण्याच्या घमेल्यात बुडवलेली ट्यूब तशीच धरून ठेवली होती आणि बुडबुडे कुठून येताहेत याकडे त्याचं लक्ष नव्हतं. जीपच्या मधल्या सीटवर अनुसयाबाई मांडीवर ओटीचं ताट घेऊन बसल्या होत्या. आपण मागे पाहिलं तर यांनाही पाहावंसं वाटेल, म्हणून त्या समोरच्या काचेतून नजर हलवत नव्हत्या.

प्रभाकरराव ड्रायव्हरशेजारी बसले. "चाला," म्हणाले.

जीप निघाली नाही. योगेंद्रला पाण्याची कॅन आठवली आणि तो उतरला. तो परत आला तेव्हा थोरल्या मुलीची, जयवंताची, पिशवी राहिली होती. ती आल्यावर अनुसयाबाईंना देवघरातली समई आठवली. घर दुकानाच्या मागेच होतं. समई शांत झालेलीच होती, हे त्यांना उतरण्याआधीही ठाऊक होतं. परतताना त्या शटरजवळून आल्या, देवाला लावावा तसा कुलपाला हात लावला, आणि लावता लावता एक हिसका दिला. कुलूप लागलेलं होतं. त्या निमूट येऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी मना केलं होतं ते कुलूप लागलं असं नवऱ्याला सांगायचं. आपण कुठे काय सांगितलं?

मग धाकटे दीर लक्ष्मणराव पान आणायला उतरले. ड्रायव्हरने कंटाळून हॉर्न दिला, तसे ते तोंडात पान नसतानाच धावत आले.

"रोहण्याले आज पोहोचाचं हाय ना?" प्रभाकररावांनी समोर बघतच विचारलं. "का साक्षगंध जीपमंदीच उरकता?"

धाकटी मुलगी सपना मागच्या सीटवरून हसली. साक्षगंध तिचं होतं.

*

प्रभाकररावांचं दुकान लोखंडी सामानाचं: खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, विळे आणि मुख्य म्हणजे कुलपं. आर्वीतल्या निम्म्या घरांना त्यांचं कुलूप होतं. गिऱ्हाइकाच्या हातात किल्ल्या ठेवत ते म्हणायचे, "हे लावा अन् काशीले जाऊन या." स्वतः मात्र दुकानाला कुलूप लावून मागच्या दाराने घरात येत, हातपाय धुवत, ताटावर बसत आणि विचारत, "लागलं ना?"

"लागलं," अनुसयाबाई म्हणत.

पहिला घास घेतल्यावर पुन्हा. भातावर वरण वाढताना पुन्हा. आणि मग उत्तर पुरेनासं झालं की ताटावरून उठून जात. ओढून बघत, परत येत, ओढलं ते नीट ओढलं का याची शंका घेऊन पुन्हा जात. गार वरण परत तापवण्यात अनुसयाबाईंची वीस वर्षं गेली. घरातलं प्रत्येक माणूस, पाहुणेसुद्धा, "लागलं" म्हणायला शिकलं होतं. योगेंद्र लहानपणी पहिल्यांदा काय बोलला यावर घरात वाद होता. जयवंताचं म्हणणं होतं की तो 'लागलं'च म्हणाला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण जयवंताचं साक्षगंध नाचणगावला होतं, आणि त्या दिवशी आर्वीच्या नाक्यावर प्रभाकररावांनी एसटी थांबवली, कुलूप पाहून येतो म्हणून उतरले, आणि आलेच नाहीत. संध्याकाळी वऱ्हाड परतलं तेव्हा ते शटरसमोर फुटपाथवर बसलेले होते, अंगावर नवा कोट. मुलीच्या बापाच्या पाटावर लक्ष्मणराव बसले होते. जयवंताने त्यावरून बापाला कधी शब्दाने टोचलं नाही. काकांना मात्र ती नाचणगावचा विषय निघाला की 'पाटावरचे काका' म्हणे, आणि ते ऐकून प्रभाकरराव उठून आत जात.

गेल्या वर्षी योगेंद्रने वर्ध्याहून बातमी आणली. तिकडच्या एका मोठ्या दवाखान्यात अशाच रोगावर संशोधन चालू होतं. रोगाला मराठीत नावही होतं, मंत्रचळ. ते ऐकून प्रभाकरराव म्हणाले, "म्हणजे मले एकट्यालेच नाई."

लक्ष्मणराव विरोधात गेले. "येड्याच्या दवाखान्यात गेलतो म्हणून कळलं तं सपनाले कोण करीन? घरच्या घरी हाय ते बरं हाय. लागलं म्हणाले काय पैसे पडते?"

तरी ते दवाखान्यात सगळ्यांबरोबर आले, आणि सगळ्यांत जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. डॉक्टर सुलोचनाबाईंनी शांतपणे समजावलं. रोग्यांचे दोन गट. एकाला नुसत्या गोळ्या. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि सोबत सराव, त्यात घरच्यांनाही शिकवायचं. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, कॉम्प्युटर ठरवणार.

"म्हणजे चिठ्ठ्या टाकून इलाज?" लक्ष्मणराव म्हणाले. "भिशी हाय काय?"

"भिशीच समजा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी निवडलं तर जे बरे होतील असं वाटतं ते मी माझ्या आवडत्या गटात टाकीन. मग सराव चांगला का माणसं चांगली, हे कधीच कळणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. दर महिन्याला आमची अंकिता तुमच्याशी बोलून आजार किती आहे ते मोजेल. भिशी कोणती लागली ते तिला सांगायचं नाही. कळलं की नकळत हात सैल सुटतो, आपल्याच पोरीचा पेपर तपासल्यासारखा."

हे लक्ष्मणरावांना पटलं. ते व्यापारी होते. मापात हात नको, ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नव्हती.

सरावाचा गट लागला. त्यानंतर अंकिता मॅडम भेटल्या की अनुसयाबाई तोंडाला पदर लावून बसत. काही निसटू नये म्हणून त्या 'चहा घ्या'सुद्धा म्हणत नसत. अंकिता मॅडमना बिचारीला वाटे, बाई मुक्या असाव्यात.

सराव म्हणजे काय, तर कुलूप एकदा लावायचं, किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, आणि जीव कितीही कासावीस झाला तरी परत जायचं नाही. कासावीस होणं आपोआप ओसरतं, ते ओसरेपर्यंत थांबायचं. हे प्रभाकररावांसाठी. घरच्यांसाठी एकच नियम. "लागलं ना?" याचं उत्तर द्यायचं नाही. फार विचारलं तर म्हणायचं, "तुम्हाले मालूम आहे."

"काऊन?" अनुसयाबाईंनी विचारलं होतं. "बरं वाटते त्याह्यले."

"घटकाभर," सुलोचनाबाई म्हणाल्या. "उत्तर हे त्या रोगाचं जेवण आहे, बाई. तुम्ही इतकी वर्षं त्याला वाढत आलात."

घरी येताना एसटीत अनुसयाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपल्या हातचं खाऊन घरातलं कोणी धष्टपुष्ट झालं असेल, तर तो हाच रोग.

पहिले काही आठवडे घरात कोणी कोणाच्या डोळ्यांत बघत नव्हतं. प्रभाकरराव विचारत, अनुसयाबाई नियमाचं वाक्य म्हणत आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत. बाहेर ते येरझारा घालत. येरझारा थांबेपर्यंत डबे लखलखत. मग एकदा असं झालं की ते येऊन जेवायला बसले, सगळं जेवले, ताक प्यायले, आणि म्हणाले, "आज वरण गरम आहे." अनुसयाबाई ताट उचलून आत गेल्या. बोलायला गेल्या असत्या तर रडल्या असत्या.

दिवाळीनंतर सपनाचं जमलं, रोहण्याच्या आदेशशी. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या आजीला प्रवास झेपत नव्हता, म्हणून साक्षगंध रोहण्यालाच ठरलं. त्या बैठकीत लक्ष्मणराव घसा खाकरून म्हणाले, "पाटावर मी बसतो. जयवंताच्या टायमाले बसलोतो तसाच. कायले दादाले ताप?"

"बसा ना काका," सपना म्हणाली. "मंग मी उठते."

*

नाका आला तेव्हा जीपमधलं बोलणं आपोआप थांबलं. प्रभाकररावांनी समोरची दांडी घट्ट धरली होती. मानेवर घाम दिसत होता. कापसाच्या गाड्यांची रांग बाजाराकडे निघाली होती, तिच्यामुळे जीप नेमकी तिथेच अडली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. उतरायला यापेक्षा चांगली सोय नव्हती.

बोलण्यासारखा शब्द एकच होता आणि तो बंद होता.

शेवटी प्रभाकरराव म्हणाले, "औंदा कापूस बरा दिसते." आणि गाडी सुरू झाली.

रोहण्याला इवाई, म्हणजे व्याही नानाजी, फाटकातच उभे होते. मोठा आवाज, मोठं पोट, मोठं अंगण. परसात संत्र्याची झाडं. पाटोडीच्या रस्शाचा वास फाटकापर्यंत आला होता. नानाजींनी प्रभाकररावांना मिठी मारली आणि सांगितलं, "इवाई, तुमच्याच दुकानचं कुलूप हाय आपल्या कोठीले. बापाच्या टायमाचं. अजून दगा नाई दिला."

"तेल टाकत जा," प्रभाकरराव म्हणाले. तेवढ्यावर दोघांचं जमलं.

अंगणात पाट मांडले. भटजींनी तांदळावर कलश ठेवला. बायका आजीभोवती बसल्या. आणि अनुसयाबाई ओटीची साडी काढायला ओसरीवर आल्या, तेवढ्यात तिथला फोन वाजला. जवळ कोणी नव्हतं, म्हणून त्यांनीच उचलला.

"वहिनी, तानबा बोलतो. बूथवरून. योगेंद्रनं नंबर देऊन ठेवलता. तुमच्या दुकानाचं कुलूप उघडं हाय."

"काय म्हणता?"

"कडीत नुसतं लटकून हाय. किल्लीबिगर लागत नाई ते, नाई तं मीच लावलं असतं. घाबरू नका, मी खाट टाकून बसतो शटरसमोर. फकत प्रभाकरभाऊले सांगू नका."

अनुसयाबाईंनी फोन ठेवला. हातातली साडी पायात पडली होती, ती उचलायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी स्वतः ओढून पाहिलं होतं. लागलेलं होतं.

संत्र्यांच्या झाडांमागे बसलेली ती सभा कोणी बोलावली नव्हती. अनुसयाबाईंचा चेहरा बघून जयवंता मागे आली, जयवंताला बघून योगेंद्र, आणि काय शिजतंय म्हणून लक्ष्मणराव. अनुसयाबाईंनी फोनचं सांगितलं.

"असं कसं?" योगेंद्र म्हणाला. "मी स्वतः ओढून पाह्यलं."

"तू? तू तं पाण्याची कॅन आणाले गेलता," अनुसयाबाई म्हणाल्या.

"कॅन गाडीतच होती."

जयवंता खाली बघून म्हणाली, "मीही पाह्यलं. पिशवीच्या नावानं."

"अन् मी समईच्या," अनुसयाबाई म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ज्याला रोग होता त्याने कुलूप एकदाच लावलं होतं. बाकी घर रांगेने जाऊन ओढून आलं होतं. जयवंताला हसू फुटलं आणि तिने ते पदरात दाबलं. मग तिघांच्याही नजरा एकदमच लक्ष्मणरावांकडे वळल्या. पान आणायला ते सगळ्यांत शेवटी उतरले होते.

लक्ष्मणराव संत्र्याचं पान चुरत होते. दुकानाची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असे.

"तुमी एकामागून एक जाऊन ओढून राह्यले," ते म्हणाले. "मी जीपमंदून पाह्यलं ना. मले वाटलं, नक्कीच काई तरी गडबड हाय. म्हणून म्या उघडून पाह्यलं, कडी बराबर बसली का नाई. बराबर होती. तेवढ्यात त्या डायवर बावानं हॉर्न मारला."

"अन् किल्ली?" योगेंद्रने विचारलं.

लक्ष्मणरावांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. कुलूप कडीत अडकवून, किल्ली न फिरवता, तशीच काढून ते धावत सुटले होते.

"पाटावरचे काका," जयवंता म्हणाली, "तुमाले अंकिता मॅडमकडं नेऊन मोजून आणलं पायजे."

लक्ष्मणराव हसले नाहीत. "मी जातो. कोणाची मोटारसायकल घेतो अन् लावून येतो. दादाले कळणार नाई."

"काका नसले तं बाबा पहिले तेच विचारतीन," योगेंद्र म्हणाला. "मीच जातो."

"तू पोरीचा भाऊ. तुझ्याबिगर होते का काई?" लक्ष्मणराव म्हणाले.

"मंग सांगूच नका," जयवंता म्हणाली. "तानबा बसला ना? विचारलं तं म्हणा, लागलं. एक दिवस. माझ्या वेळचं..." ती थांबली. "सपनाचं तरी होऊ द्या."

योगेंद्र तिच्या बाजूने झाला. लक्ष्मणरावही झाले. आयुष्यात पहिल्यांदा जयवंता आणि तिचे काका एका मताचे झाले होते. अनुसयाबाई काही बोलायच्या आत अंगणातून नानाजींचा आवाज आला, "इवाई, पोरीकडचे लोक गेले कुठी? बसा आता."

*

प्रभाकरराव पाटावर बसले होते. तोच कोट. समोरच्या पाटावर नानाजी, शेजारी आदेश, आणि मध्ये सपना, पाठ ताठ, बापाकडे एक डोळा ठेवून. अनुसयाबाई नवऱ्याच्या डाव्या हाताला येऊन बसल्या. भटजींनी नाव-गोत्र विचारलं. हळदकुंकू झालं. सुपाऱ्या, नारळ पुढे आले. घरच्या माणसांचे उतरलेले चेहरे प्रभाकररावांनी एकेक करून पाहिले. योगेंद्र. जयवंता. लक्ष्मण. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचलेला माणूस होता तो.

ते किंचित झुकले आणि त्या दिवसभरात पहिल्यांदा, अगदी हळू, विचारलं, "लागलं ना?"

अनुसयाबाईंच्या तोंडात जुनं उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली असती. नवं उत्तरही तयार होतं, पण 'तुम्हाले मालूम आहे' म्हणावं तर त्यांना कुठे मालूम होतं? जयवंता समोरून डोळ्यांनी विनवत होती. अनुसयाबाईंना नाचणगाव आठवलं, फुटपाथ आठवला. आणि हेही आठवलं, की इतकी वर्षं 'लागलं' म्हणूनच तो फुटपाथ आला होता.

"नाई लागलं," त्या म्हणाल्या. "उघडं हाय. तानबाचा फोन आलता. तो बसला हाय खाट टाकून."

प्रभाकररावांनी त्यांच्याकडे पाहिलं. हातातला नारळ तसाच राहिला. भटजी थांबले. नानाजींनी विचारलं, "काय झालं, इवाई?" सपना अर्धी उठली.

अनुसयाबाईंनी वाट पाहिली. आता उठतील. कोट झटकतील.

"नक्की उघडं हाय?" प्रभाकररावांनी विचारलं.

"नक्की."

"लटकून?"

"लटकून."

मग त्यांचा खांदा हलला. अनुसयाबाईंना वाटलं, कापताहेत. ते हसत होते.

"मंग पाहाले जायाचं कायले?" ते म्हणाले. "लागलं का नाई हे समजत नाई, तवा जा लागते. हे तं समजलं."

आणि ते नानाजींकडे वळले. "काई नाई, इवाई. दुकान उघडं राह्यलं म्हणते."

"कुलपाचं?"

"कुलपाचंच."

नानाजींचं पोट आधी हललं, आवाज नंतर आला. आजीला ऐकू कमी यायचं, तिला सांगावं लागलं, आणि सांगणारी हसत असल्यामुळे दोनदा सांगावं लागलं. भटजींनी सुपारी पुढे केली. प्रभाकररावांनी नारळ नानाजींच्या हातात दिला, दोन्ही हातांनी, घाई न करता. जयवंता खांबाला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले आणि आत जाऊन बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. तो त्यांच्याजवळ ठेवून ती तिथेच, पाटाला लागून बसली, जेवणं होईपर्यंत.

*

परतताना जीपमध्ये सगळं बाहेर आलं: कॅन, पिशवी, समई, पान. प्रभाकरराव ऐकत होते आणि मधूनच गुडघ्यावर थाप मारत होते.

"सोमवारी दवाखान्यात हे सारं सांगाचं," सपना म्हणाली. "आपण चोरून ओढून पाह्यलं तेही. नाई तं त्यांचा हिशोब चुकीन अन् दुसऱ्या रोग्याले उगाच भलतं सांगतीन."

"उघडं राह्यलंतं, तेही सांगाचं?" अनुसयाबाईंनी विचारलं.

"सुलोचना मॅडमले सांगाचं. अंकिता मॅडमले नाई. भिशी फुटते."

दुकानासमोर पोहोचले तेव्हा दिवेलागण होत होती. तानबा खाटेवर मांडी घालून बसला होता. त्याने एक गिऱ्हाईक उद्या ये म्हणून परत पाठवलं होतं आणि एका कुत्र्याला हाकललं होतं. दिवसभरात याहून जास्त काही घडलं नव्हतं. जयवंताने त्याच्यासाठी रोहण्याहून आणलेला डबा त्याच्या हातात दिला.

प्रभाकरराव कुलपाजवळ गेले नाहीत. "लक्ष्मण, तूच उघडलं, तूच लाव," म्हणाले आणि तानबाशेजारी खाटेवर बसून पाटोडीचा एक तुकडा त्याच्याच डब्यातून उचलला.

लक्ष्मणरावांनी किल्ली फिरवली, काढली, खिशात ठेवली. दोन पावलं आले. थांबले. परत जाऊन ओढून पाहिलं. पुन्हा निघाले, आणि पुन्हा वळले.

"दादा," ते म्हणाले, "लागलं ना?"

प्रभाकररावांनी बोटाला लागलेला रस्सा चाटला.

"तुले मालूम आहे," ते म्हणाले.